चौथं दल

मन्नाएखेळ्ळीच्या हमरस्त्यालगतच्या मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. रोग बरे करतो म्हणणाऱ्या रेवणसिद्धप्पांनी तांब्याच्या कोरड्या घागरीत हात घातला.

"पोरीच्या काळजाच्या झडपेला दोनच पाकळ्या. बघा, देवानं किती दिल्या!"

वर आलं चार दलांचं बेलपान. लोकांनी हात जोडले. ते पान प्रसाद म्हणून कुसुमताईंच्या हातात पडलं. रोज एकशे आठ बेलपानं वाहायचा त्यांचा नेम. बोटांना देठ ओळखू यायचा. हा देठ चिकट लागला.

त्यांचा मुलगा श्रीहर्ष मात्र हरखला होता. "आई, अप्पांनी नवा रिपोर्टपण दिलाय. आधी दोन, आता चार! मग शुक्रवारी विभाला दवाखान्यात कामून न्यायचं?"

त्याची लेक विभा दहा वर्षांची. जिना चढली की तिला घेरी यायची.

"चार कशाला?" कुसुमताई हळूच म्हणाल्या. "डॉक्टरीणबाई तर तीन लागतात म्हणाल्या होत्या."

दुसऱ्या दिवशी त्या मुलाला घेऊन कलबुर्गीला गेल्या. डॉक्टर प्रेरणांनी रिपोर्ट पाहिला आणि कपाळाला हात लावला.

"अहो, चार पाकळ्या हाही दोषच. फार विरळा, आणि अशी झडप बहुधा गळते. एकच पाकळी असली तर कित्येकदा तान्हेपणीच जिवावर बेततं. दोनवाले पुष्कळ; त्यांची झडप सहसा वय वाढल्यावर अरुंद होते, विभाची लवकर झाली. पण पाकळ्या ठरतात आईच्या पोटात. नंतर वाढत न्हाईत. आणि हा रिपोर्ट दुसऱ्याचाच. नाव खोडलंय, वय राहिलंय बघा: बावन्न!"

"शुक्रवारी आणतो विभाला," श्रीहर्ष म्हणाला.

संध्याकाळी मांडवात नवा रोगी होता आणि नवं चार दलांचं बेलपान. कुसुमताई कोमट पाण्याचा तांब्या घेऊन पुढं झाल्या.

"अप्पा, ते पान यात सोडा की."

"अक्का, देवाची परीक्षा बघायलीस?"

"देवाची न्हाई, तुमची. पाण्याला भ्यायलाव व्हय?"

मागं कुणीतरी फिसकन हसलं. अप्पांनी नाइलाजानं पान सोडलं. थोड्या वेळात चौथं दल सुटून तरंगायला लागलं.

"शंकेनं दल गळतं!" अप्पा गरजले.

"शंकेनं न्हाई, डिंक विरघळला म्हणून. बोट लावून बघा, बायांनो. असं चिकटवलेलं पान आधीच घागरीत ठेवलेलं असतं."

पुढं बसलेल्या चांगुणाबाईंनी बोट लावलं, तोंड वाकडं केलं आणि त्या आपल्या नातवाला कडेवर घेऊन मांडवाबाहेर पडल्या. मागोमाग बाकीचे.

शुक्रवारी दवाखान्यात नळीतून आत घातलेल्या फुग्यानं विभाची झडप रुंद केली. बाहेर बाकावर कुसुमताई जप करत होत्या. सगळं नीट झाल्याचा निरोप आल्यावर शेजारी बसलेल्या बाईला त्या म्हणाल्या, "बेल देवाला वाहावा, बाई. पोराला धाप लागली तर डॉक्टरला दाखवावं. देवानं डोकं दिलंय, ते कुठल्या अप्पाच्या पायावर ठेवू नये."