चोवीस मैलांची पंगत

इंजिन चौथ्यांदा बंद पडलं, तेव्हा शाद्लीने ते आपणच बंद केल्याचा चेहरा केला.

पहिल्या खेपेला, गाबेस बंदराच्या अलीकडे, त्याने नमाजाची वेळ झाल्याचं सांगितलं होतं. ती व्हायला तासभर अवकाश होता. दुसऱ्या खेपेला त्याला दूरच्या दलदलीतले रोहित पक्षी दाखवायचे होते. तिसऱ्यांदा चहाची तल्लफ आली. पण आता, महरस गावाच्या समोर, सकाळच्या त्या काचेसारख्या निश्चल समुद्रात त्याच्याजवळची कारणं संपली होती. अनोळखी लिपीतलं पत्र वाचावं तसा तो पाण्याकडे पाहत राहिला.

“शांतता किती छान आहे,” तो अखेर म्हणाला.

“छानच,” सुकाणूपाशी बसलेली त्याची बायको दलंदा म्हणाली. “कालपासून चौथ्यांदा ऐकतेय.”

ते दोघे जेर्बा बेटावरून केर्केन्नाला, आपल्या घरी, निघाले होते. होडीत दोनशे मडकी होती, जेर्बाच्या कुंभाराकडून निवडून, वाजवून घेतलेली. समुद्रगवताच्या गाद्यांवर ती अशी निजली होती की दोघांना पाय ठेवायला जेमतेम जागा उरावी. उद्या पहाटे ऑक्टोपसचा हंगाम उघडणार होता; अशी मडकी पाण्यात बुडवली की ऑक्टोपस बीळ समजून त्यांत शिरून बसतात. केर्केन्नाभोवतीचा समुद्र गुडघाभर उथळ, आणि त्या उथळीतून, झोपेतून एखादा जुना विचार वाहावा तसे, खोल निळे वहाळ वाहतात. त्यांपैकी एक दलंदाच्या वडिलांचा. सालेमचा वहाळ म्हणूनच तो ओळखला जाई. वडील गेल्यावर तो तिच्याकडे आला. पण तिथला रिवाज असा की हंगामाच्या पहिल्या पहाटे ज्याचं मडकं वहाळात सगळ्यांत आधी बुडेल, त्या वर्षापुरता वहाळ त्याचा. मग बाप कुणाचाही असो. दलंदाला उद्याची पहाट चुकवायची नव्हती. तिच्या मनात सध्या एवढी एकच गोष्ट होती, आणि ती तिथे मडक्यातल्या ऑक्टोपससारखी आठही हातांनी धरून बसली होती.

वाऱ्यावर भिस्त ठेवावी तर शीड नव्हतं. शाद्लीने वसंतात ते विकून इंजिन घेतलं होतं, दलंदाच्याच भावाच्या मोडीत काढलेल्या टॅक्सीचं. त्यामुळे ते बंद पडलं की शाद्लीला सासरचा उद्धार करता येई, आणि दलंदाला विचारता येई की माझ्या भावाने ते वीस वर्षं रस्त्यावर चालवलं, पाण्यात घालायला कुणी सांगितलं होतं.

जवळून जाणाऱ्या एखाद्या होडीला हाक मारावी, दोर घ्यावा, एवढं साधं होतं सगळं. आडवी येत होती ती शपथ.

चार महिन्यांपूर्वी कॅफेत बुरावी नावाचा तांडेल सगळ्यांदेखत म्हणाला होता की टॅक्सीचं इंजिन पहिला उतारू उतरेपर्यंतच चालतं, तेव्हा मी आपला दोर तयारच ठेवतो. शाद्ली ताडकन उठला होता. दुसऱ्याच्या दोराच्या टोकाला बांधून मी घरी आलो, तर माझी बायको मला हराम, असं त्याने भर कॅफेत जाहीर केलं. त्या वेळी बायको घरी मासे साफ करत होती. शाद्ली घरी पोचण्याआधी शेजारीण बातमी घेऊन पोचली.

दलंदाच्या लेखी असली शपथ म्हणजे कॅफेतला धूर. कचेरीत ती कुणी विचारात घेत नाही, आणि गावात दिवसाला दहाजण घालतात. पण शाद्ली आपला शब्द फार मनावर घेणारा माणूस होता. एकदा रागाच्या भरात त्याने मिरची वर्ज्य केली, तर दोन वर्षं तो आजाऱ्यासारखा मिळमिळीत कुस्कुस चिवडत बसला होता. दोराला बांधून घरी नेला तर हा आपलं अंथरूण जाळ्यांच्या खोलीत नेईल आणि खिडकीतून आपल्याकडे परक्या बाईकडे पाहावं तसं आदराने पाहील, हे तिला स्पष्ट दिसत होतं.

दहाच्या सुमाराला महरसच्या दिशेने इंजिनाचा आवाज आला. होडी जवळ आली आणि दोघांनीही एकाच क्षणी मान फिरवली. कारण एवढ्या मोठ्या आखातात त्या सकाळी नेमका बुरावीच घरी निघाला होता. त्याच्या होडीच्या नाळेवर, पुढच्या टोकाला, नवा कोरा दोर वेटोळं करून ठेवलेला होता. त्याने त्याकडे बोटही दाखवलं नाही. नुसतं इंजिन मंद केलं आणि हवापाण्याची चौकशी केली. शाद्लीने विश्रांती चालल्याचं सांगितलं. विश्रांती चांगली असते, असं बुरावी म्हणाला, आणि तोंडावरचं हसू लपवायला पाठ वळवून निघू लागला.

दलंदाने एकवार नवऱ्याकडे पाहिलं, एकवार मडक्यांकडे.

“बुरावीभाऊ,” तिने हाक मारली, “आमच्या होडीवरून न जेवता जाणार?”

समुद्रावर असं बोलावणं नाकारता येत नाही. बुरावीने महरसला नुकतंच भरपेट खाल्ल्याचं सांगून पाहिलं. ते महरसचं मीठ झालं, आमचं नाही, असं ती म्हणाली. तेव्हा त्याने होडी बाजूला आणली, आणि जेवायला बसताना बांधतात तशा दोन्ही होड्या कडेला कड लावून पुढून-मागून बांधल्या गेल्या. तो इंजिन बंद करायला वाकला, तसा दलंदाने हात वर केला.

“चालू राहू दे. वारा लागला की अन्न पचतं. तुला तसंही केर्केन्नालाच जायचंय.”

शाद्लीने दोन होड्यांमधल्या गाठी न्यायाधीशाच्या नजरेने तपासल्या. दोराचं टोक नव्हतं. पुढे कुणी नव्हतं, मागे कुणी नव्हतं. शेजारी बसून जेवणं याला ओढत नेणं कुणी म्हणू शकत नव्हतं. मग तो उठला आणि जवाच्या पावाचं गाठोडं त्याने स्वतः आणून मध्ये ठेवलं.

केर्केन्ना चोवीस मैल दूर होतं. दोन होड्यांचं ओझं घेऊन बुरावीचं इंजिन बैलाच्या चालीने निघालं, आणि दलंदाने हिशेब मांडला की सूर्य मावळेपर्यंत हे जेवण पुरवायचं आहे. पाहुण्याने अल्हम्दुलिल्ला म्हटलं की पंगत उठते; तेव्हा तो शब्द त्याच्या तोंडातून बाहेर पडू द्यायचा नाही.

तिने ऑलिव्ह एकेक करून वाढले. ते संपेपर्यंत मागे महरस पुसट झालं. हरिसा, म्हणजे लाल मिरचीची चटणी, चमच्याने तेलात कालवायला तिने इतका वेळ लावला की बुरावीला वाटेत डुलकी लागली. त्याला हलवून उठवण्यात आलं, कारण झोपलेल्या पाहुण्याला जेवतोय कसं म्हणणार? सुक्या ऑक्टोपसचं कुस्कुस शिजलं, तेव्हा स्फाक्सच्या कारखान्यांच्या चिमण्या डाव्या हाताला होत्या. बुरावीचे डोळे पाणावले. ते मिरचीमुळे, असं तो म्हणाला. शाद्लीने वाढण्याचं काम आपल्याकडे घेतलं होतं आणि चार महिन्यांचा सगळा राग तो अतीव प्रेमाने पाहुण्याच्या ताटात ओतत होता. तुझ्या इंजिनाचा आवाज छान आहे, असं त्याने एकदा मान्यसुद्धा केलं. बुरावीने तोंड उघडलं, श्वास घेतला. त्या उघड्या तोंडात दलंदाने अंजीर ठेवलं.

“ताई,” तो घास गिळून म्हणाला, “मी तुझ्या नवऱ्याला एकच टोमणा मारला होता गं.”

“अजून चहा व्हायचाय,” ती म्हणाली.

चहाच्या तीन फेऱ्या झाल्या. रिवाजाला धरून तीन, मग रिवाज सोडून आणखी दोन. उजेड हळूहळू पिकत गेला, त्याला तांब्याचा रंग आला, आणि क्षितिजावर केर्केन्नाच्या खजुरींची रेघ कुणीतरी पेन्सिलीने ओढून ठेवल्यासारखी उमटली. चार मैल उरले होते. दलंदाने बरणी उपडी केली. भाजल्या जवाचं शेवटचं पीठ चमच्याने तेलात कालवलं. बुरावीने ते बोटभर चाटलं, दुसरं बोट उचललं आणि परत खाली ठेवलं. मग छातीवर हात ठेवून, माफी मागितल्यासारखं, तो म्हणाला, “अल्हम्दुलिल्ला.”

पंगत उठली. बुरावी गाठी सोडू लागला. मात्र इतक्या सावकाश की कुणीही सहज थांबवावं. ओहोटी सुरू झाली होती. उलट्या पाण्यात वल्ह्याने चार मैल म्हणजे उद्याची दुपार. दिवसभर दलंदाने नवऱ्याचा शब्द राखला होता. तो मोडायला त्याला सांगणं तिच्याने होईना.

शाद्लीने रिकाम्या परातीकडे पाहिलं. मग बायकोच्या हातांकडे. त्यांची बोटं कोरडी होती, नखांपाशी तेलाचा थेंबही नव्हता.

“तू काय खाल्लंस?”

“मला कुठे फुरसत होती.”

तो उठला. मग मडक्यांवरून तोल सावरत नाळेपर्यंत गेला आणि त्याने हात पुढे केला.

“बुरावी, तुझा दोर टाक.”

चार महिने या क्षणाची वाट पाहिलेल्या बुरावीने दोर उचलला खरा, पण विस्तवासारखा धरून ठेवला. “शपथेचं काय?”

“मोडतो. तीन रोजे धरीन. दहा गरिबांना जेवू घातलं तरी चालतं म्हणतात. पण दहाजणांचं तू एकट्याने खाल्लंस, आता घरात रोजेच शिल्लक आहेत.” दोर नाळेला बांधताना त्याची पाठ त्यांच्याकडे होती. “ही घरात मासे साफ करत होती आणि मी कॅफेत हिला पणाला लावत होतो. पुढच्या वेळी इंजिनाची शपथ घालीन. ते हराम झालं तरी मला चालेल.”

दोर ताणला, पाण्यातून थरथरत वर आला, आणि होडी मागोमाग निघाली. बुरावीने न विचारता बंदर उजवीकडे टाकलं आणि सालेमच्या वहाळाचा रोख धरला. फिकट उथळीत वहाळाची गडद रेघ दिसू लागली. तिच्यावर अजून एकही होडी नव्हती.

दलंदा सुकाणूवर होती. रोजे पुरे होईपर्यंत बायकोपासून अंतर राखायला हवं, म्हणून शाद्ली दोनशे मडक्यांच्या पलीकडे, पार नाळेपाशी, सोयरिकीच्या दिवसांत बसे तसा अंग चोरून बसला होता. थोड्या वेळाने त्याने खिसा चाचपला. जेवण लांबावं म्हणून त्याने आपल्या वाट्याचे तीन खजूर दुपारीच लपवले होते. त्यांना तंबाखूचा भुगा लागला होता. तो फुंकून त्याने खजूर एका मडक्यात टाकले आणि वल्ह्याच्या टोकाने ते मडकं हळूहळू, बाकीच्यांना धक्का न लावता, तिच्याकडे सरकवलं.

दलंदाने मडक्यात कोपरापर्यंत हात घातला. दिवसभरातला पहिला घास तिने इतका सावकाश चावला, जणू अजून चोवीस मैल जायचं होतं.

“बी कुठे टाकू?” तिने विचारलं. “तुझ्याकडे फेकली तर चालेल, की तीही हराम?”

शाद्लीने यावर गंभीरपणे विचार केला.

“फेक,” तो म्हणाला. “पण नेम धरू नकोस.”