दोनशे तेहतीसच्या पुढे

"वर 'शामकला दुलीचंद' अन् खाली सात एके. बस, एवढंच कोर," म्हणत दुलीचंद गुरुजींनी ताट पुढे सरकवलं.

परवा त्यांच्या बायकोची, शामकलाबाईंची तेरवी. आल्यागेल्याला तिच्या नावाचं ताट द्यायचं, म्हणून गुरुजी गोंदियाच्या बाजारात भांड्यांच्या दुकानात आले होते. नाव कोरायचं मशीन हातात धरून दुकानदार चंद्रकुमार थबकला.

"अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा? हे कायले, गुरुजी?"

"याले कोणत्याच आकड्यानं भाग जात नाही. मूळ संख्या आहे. आमचा संसार तसाच होता."

सोबत नीतू होती, शामकलाच्या भावाची लेक. कॉलेजात गणित शिकते. तिनं सहज मोबाइलवर बोटं फिरवली आणि तिचा चेहराच उतरला.

"फुफाजी, फुटते हे. दोनशे एकोणचाळीसनं."

"पागल झाली का? म्या सोता भाग लावून पाह्यलं होतं."

गुरुजींनी खोक्याचा पुठ्ठा ओढला, भागाकार मांडला. बाकी शून्य. पुन्हा मांडला. शून्यच.

तेव्हा लग्नाला बरीच वर्षं होऊनही घरात पाळणा हलला नव्हता. गुरुजींच्या आईनं दुसरी बायको करायचा धोशा लावलेला. अशाच एका संध्याकाळी डोकं गुंतवायला म्हणून गुरुजी सात एके मांडून बसले आणि एकेक मूळ संख्येनं भागत सुटले. दोनशे तेहतीसपर्यंत आले, तेवढ्यात शामकलानं हाक दिली, "उठा जी, भात निवून राहिला." गुरुजी उठले. नाहीच फुटत, असं ठरवून टाकलं आणि सकाळी आईला ठणकावलं, "आम्ही दोघं त्या आकड्यावानी आहो. मधात कोणी येनार नाही." मास्तर पोराचं गणित, आई काय बोलणार? दुसरीचं नाव पुन्हा निघालं नाही.

आणि दोनशे तेहतीसच्या पुढची मूळ संख्या दोनशे एकोणचाळीसच की हो! गणित अर्धवट सोडलं म्हणून गुरुजींनी जन्मभर पोरांना छड्या मारल्या, आणि स्वतःचा संसार अर्धवट गणितावर उभा. त्या दिवशी आणखी एक भागाकार केला असता, तर आईपुढे कोणत्या तोंडानं उभे राहिले असते?

"मंग नुसतं नावच कोरू का?" चंद्रकुमारनं हळूच विचारलं.

गुरुजींनी नीतूकडे पाहिलं. "किती तुकडे होते?"

"दोनच. दोनशे एकोणचाळीस अन् चार हजार सहाशे एकोणपन्नास. ते दोन्ही मात्र नाही फुटत, फुफाजी. कायनंही भागा."

गुरुजींनी पुठ्ठ्यावर ते दोन्ही आकडे शेजारी शेजारी मांडले.

"दोघंच तर होतो आम्ही," ते म्हणाले. "दोन्ही आकडे कोर. मधात गुणिले टाक."

"तुमचा कोनता?" चंद्रकुमारनं विचारलं.

"लहानवाला."

मशीन घरघरलं. पहिलं ताट गुरुजींनी पिशवीत टाकू दिलं नाही. नीतूच्या गाडीवर मागे बसून कुडव्याच्या घरापर्यंत दोन्ही हातांनी धरून नेलं.