श्वास रोखून

यांचा अर्धा जन्म लोकांची कपाटं जिन्यावरून उतरवण्यात गेला. सामान हलवणाऱ्या दहा माणसांचे मुकादम होते हे. दोन वर्षांपूर्वी डावी बाजू लुळी पडली, तरी मुकादमकी सुटली नाही. रोज सकाळी मी यांना पलंगावरून खुर्चीत घेते, तर माझ्याच गळ्यात हात टाकून मलाच हुकूम सोडतात, "श्वास रोख, पाठ ताठ, चल, एक, दोन, तीन!"

माझं वय अडुसष्ट. यांना उचलून उचलून माझं अंग बाहेर यायला लागलं. दिवस चढेल तसं खालून काहीतरी उतरत यायचं, ओढ लागायची, नीट बसवायचं नाही. वर्षभर कुणाला बोलले नाही. अशा गोष्टी सांगायच्या तरी कुणाला! शेवटी दवाखाना गाठला. डॉक्टरबाई म्हणाल्या, पिशवी खाली सरकलीय, ऑपरेशन करता येईल, पण नंतर कितीतरी आठवडे वजन उचलायचं नाही. मी म्हटलं, मग आमच्या मुकादमांना काय खुंटीला टांगू? हसल्या बिचाऱ्या. मग आतून आधार द्यायला एक मऊ रिंग बसवून दिली, बांगडीएवढी.

ती कशी काढायची, धुवायची, परत कशी बसवायची, सगळं तिथल्या सिस्टरनं शिकवलं. दिवसातून तीनदा लघवी अडवल्यासारखं आवळायचं, हळूहळू सोडायचं. पोट साफ ठेवायचं, कुंथायचं नाही. "आणि आजी, उचलणं टाळाच. अगदी टळलं नाही तर आधी आवळा, आणि श्वास सोडत उचला. रोखायचा मुळीच नाही."

आता हे यांना कसं सांगू? सांगितलं की मुलाच्या कानावर जाणार. तो आधीच म्हणतोय, "आई, झेपत नसेल तर बाबांना संस्थेत ठेवू." ती संस्था मी बघून आलेय. एका खोलीत सहा पलंग, आणि माणसं सकाळपासून भिंतीकडे तोंड करून पडलेली. म्हणून मी तोंडाला कुलूप लावलं.

सकाळी गुपचूप श्वास सोडायला गेले की यांना लगेच कळायचं. "अगं, हवा काय सोडतेस? ताकद जाते अशानं! तीस वर्षं पोरांना हेच शिकवलं मी." रोज तेच. वाद घालायचंही त्राण उरलं नव्हतं मला. मंगळवारी म्हटलं जाऊ दे, आणि रोखला श्वास.

तीन म्हणताक्षणी रिंग निसटली, फरशीवर आपटली आणि पलंगाखाली गेली. यांना कसंबसं खुर्चीत टेकवलं आणि मी तिथंच मटकन बसले.

"काय पडलं गं?"

"माझं कप्पाळ!" म्हटलं, आणि मग रागारागानं सगळं सांगून टाकलं. अंग, रिंग, सिस्टर, सगळं. "मी मरेन एक दिवस तुमच्या त्या श्वास रोखण्यानं!"

यांनी फोन मागितला आणि मुलाला लावला.

"त्या संस्थेत माझी सोय बघ," हे म्हणाले. "नाही रे, आई ठणठणीत आहे. मीच फार जड झालोय."

जड! नव्वद किलोचा गडी होता हा, आता पंचावन्नसुद्धा भरत नाही. अंघोळ घालताना बरगड्या हाताला लागतात. डोळ्यांत टचकन पाणी आलं माझ्या, आणि संताप तर असा झाला की फोन हिसकावूनच घेतला.

"खोटं बोलतायत हे. माझं अंग बाहेर येतं," मी म्हणाले. पोटच्या पोराला हे सांगायची वेळ येईल असं जन्मात वाटलं नव्हतं. "सकाळी यांना उचलायला माणूस बघ, नाहीतर तू ये. संस्थेचं नाव काढू नकोस."

तो म्हणाला, "मीच येतो आई, उद्यापासून. सातला आलो तर चालेल?"

"साडेसहाला ये," मी म्हटलं. "सातपर्यंत मी यांना ओल्या चादरीवर ठेवत नाही."