नदीचा घास माझ्या पोटात

मी एक लोखंडी मासा बोलतोय. मला खवले नाहीत, डोळे नाहीत, वजन मात्र पंचवीस किलो. नाकाला बारीक नळी, पोटात काचेची बाटली, आणि तोंड धारेकडे राहावं म्हणून मागे शेपटी. मला दोरीने नदीत सोडतात. मी वरपासून तळापर्यंतचं पाणी थोडं थोडं पितो आणि वर आलो की ते गढूळ पाणी माझ्या पोटातून काढून घेतात. सारा जन्म दुसऱ्यांसाठी पाणी पिण्यात गेला, पण तक्रार नाही.

मी घडलो लेनिनग्राडच्या कारखान्यात. ते दिवस फारसे आठवत नाहीत, कानस तेवढी आठवते. तिथून बोटीने आलो ते थेट लेना नदीच्या खालच्या अंगाला, तीस घरांच्या गावात. तिथे गावाच्या जरा खाली नदी मोजायचं ठाणं आहे. ठाण्यावर माणूस एकच, गव्रील. एकतीस उन्हाळे त्याच्याच हाताने मी पाण्यात उतरलो.

माझं काम सोपं वाटतं, पण नाही. मला एकाच चालीने खाली सोडायचं आणि त्याच चालीने वर ओढायचं. तळाला टेकलो तर चिखल तोंडात जातो आणि बाटली खोटं बोलते. गव्रील रहाट फिरवताना ओठातल्या ओठात आकडे मोजतो. एकतीस वर्षांत मी तळाला टेकलो ते चार वेळा, आणि चारही वेळा त्याने ती बाटली ओतून दिली.

जूनमध्ये बर्फ फुटून वाहून जातो. पण त्या दिवशी नदीला जेवू घातल्याशिवाय आमच्याकडे कोणी पाण्यात हात घालत नाही. गव्रीलची आई म्हणायची, "उपाशी बाईच्या घरात शिरून भांडी वाजवू नयेत." एका वर्षी त्याचा थोरला भाऊ सेम्योन घाईत तसाच गेला. होडी तेवढी सापडली. तेव्हापासून गव्रील काठावरून नाही, तर मधल्या धारेत, सेम्योन बुडाला तिथेच, तीन डाव लोणी, पिठाचे घावन आणि पांढऱ्या घोड्याच्या शेपटीचे चार केस सोडतो. आणि लगेच त्याच जागी मला सोडतो. आता लोणी पाण्यावर तरंगत असताना मी त्यातूनच खाली जाणार, हे त्याच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं होतं, पण मला विचारतो कोण?

बाटल्या शहरात जायच्या. तिथे गाळ सुकवून भट्टीत जाळतात. वरच्या डोंगरातली माती जळत नाही. आमच्या काठाची काळी, जुन्या मुळांची, हजारो वर्षं गोठलेली माती जळते आणि वजन घटतं. जितकं घटेल तितका काठ नदीने खाल्ला. गेली दहा वर्षं हे घटणं वाढतच होतं, जूनच्या पहिल्या बाटलीत तर सगळ्यात जास्त. मग शहरातून पत्र आलं: दोन वर्षांत पुढच्या ओळीतली घरं मागे हलवा. पुढच्या ओळीतलं पहिलं घर गव्रीलचं.

त्या वसंतात शहरातून तुयारा आली. बाटल्या जाळणारी हीच, याच मातीतली पोर. ओक्त्याब्रिनाने, म्हणजे गव्रीलच्या बायकोने, चहा आणि गोठलेल्या माशाच्या चकत्या पुढे ठेवल्या. मी चुलीशेजारी होतो, म्हणून सगळं ऐकलं.

तुयाराने कागदाची पुडी उघडली. आत एक पांढरा केस होता.

"काका, हा गाळात सापडला. बाकीचे म्हणाले ब्रशाचा असेल. माझ्या आजीला मी नदीला घास देताना पाहिलंय. तुम्ही कुठे देता?"

गव्रीलने कप खाली ठेवला. "जिथे मासा सोडतो तिथेच."

"आणि लोणी?"

"तीन डाव. दरवर्षी. लिहिलंय की ठाण्याच्या वहीत, शेऱ्याच्या रकान्यात. आपल्या भाषेत."

तुयाराने कपाळावर हात मारला. "आम्ही नुसते आकडे उतरवून घेतले."

ओक्त्याब्रिना मध्येच म्हणाली, "म्हणजे जळलं ते लोणी? काठ नव्हे? मग घर राहतं की आमचं!"

"राहू दे घर," गव्रील म्हणाला. "पण मग माझी एकतीस वर्षं?"

त्याचं खरं दुखणं मला तेव्हा कळलं. लोण्याचा दोष निघाला तर घर वाचणार आणि त्याची वही जाणार. नाही निघाला तर वही राहणार आणि घर जाणार.

तुयारा म्हणाली, "यंदा दोन बाटल्या घेऊ. एक घासाआधी, एक नंतर."

"घासाआधी? उपाशी नदीत लोखंड घालू?"

"काका, खरं कळायला दुसरा रस्ता नाही."

"तुझा नवरा असता त्या होडीत, तर म्हणाली असतीस का?" ओक्त्याब्रिना म्हणाली.

तरी जूनमध्ये गव्रील गेला. तुयाराला काठावर ठेवून एकटाच गेला. मधल्या धारेत पोचल्यावर त्याने मला उचललं, परत खाली ठेवलं, पुन्हा उचललं. "सेम्योन, एवढ्या वेळेला सांभाळून घे," तो म्हणाला आणि मला सोडलं. आकडे मात्र त्याने चुकवले नाहीत. मी तळाला टेकलो नाही. बाटली भरून वर आलो, मग त्याने नदीला दुप्पट लोणी दिलं, तिची समजूत काढायला. या दोन्ही गोष्टी वहीत लिहिल्या, आणि मी दुसऱ्यांदा प्यायलो.

महिन्याने फोन आला. दुप्पट लोण्याचाही हिशेब लावून तुयाराने सांगितलं, "जे जळतं त्यात शंभरात तीन भाग लोण्याचे. बाकी काठच आहे, काका."

"म्हणजे वही बरोबर?"

"बरोबर."

त्याने फोन ठेवला आणि बाकावर बसून रडला. आनंदाने की घरासाठी, ते मला सांगता येणार नाही. ओक्त्याब्रिनाने एप्रनला हात पुसले नाहीत की डोळे. "घ्या, तुमचं बरोबर निघालं," ती म्हणाली. "आता भांडी बांधा."

घराचे ओंडके एकेक करून उतरवले आणि टेकाडावर पुन्हा रचले. गव्रील आता घास देतो तो मला सोडतो तिथून शंभर पावलं खालच्या धारेला. मी म्हातारा झालो आहे, नळी वाकली आहे, उजेडाने गाळ मोजणारं नवं यंत्र येणार आहे म्हणतात. येऊ दे.

यंदाच्या जूनमध्ये जुन्या घराची जागा नदीत पडली. दुसऱ्या दिवशी माझ्या पोटातून निघालेलं पाणी काळंभोर होतं, त्यात चुलीच्या भाजक्या मातीचा एक लाल कणही होता. गव्रीलने बाटली उजेडात धरली. मग आकडा लिहिला आणि शेऱ्यात दोनच शब्द लिहिले: आमचं घर.

माझं मागणं एवढंच आहे. आकडे उतरवून घ्याल, तेव्हा तो शेवटचा, शेऱ्याचा रकानाही वाचा.