पॉलिशला गेलेला फोटो

मुलांनो, कल्पना करा की तुम्ही सातवीत आहात. खरोखरच सातवीत असाल तर तेवढे कष्ट वाचले. आता अशी कल्पना करा की पुण्यातल्या तुमच्या शाळेला यंदा शंभर वर्षं होताहेत. फाटकावर कमान उभी आहे, कमानीवर संस्थेचे अध्यक्ष यज्ञेश्वरराव हसताहेत आणि त्यांच्या दातांखाली ठळक अक्षरांत लिहिलंय, 'स्थापना १९२६'.

अशा एका शाळेत इतिहासाच्या आमोद सरांनी प्रकल्प दिला, 'माझ्या शाळेचा इतिहास'. पहिला आलेला निबंध शताब्दी समारंभात व्यासपीठावरून वाचायचा होता. सरांची अट एकच. "जे लिहाल ते कुठून कळलं हे शेवटी लिहायचं. कोणी सांगितलं, कुठे, कधी. संदर्भ नसेल तर मी वही उघडणार नाही."

मुलांनी, म्हणजे त्यांच्या पालकांनी, रात्रंदिवस मेहनत घेतली. तेजसचे बाबा हिंजवडीत नोकरीला. त्यांनी शाळेची थर्माकोलची इमारत केली आणि आत दिवे लावले. तेजसने तिला हात लावल्याचा पुरावा आजवर मिळालेला नाही. बाकी बहुतेकांच्या संदर्भांत एकच शब्द होता, 'इंटरनेट'.

त्याच वर्गातल्या कादंबरी नावाच्या मुलीला मात्र व्यासपीठावरून बोलायचंच होतं. पहिलीपासून प्रत्येक गॅदरिंगमध्ये ती झाड होती. पाचवीत हलणारं झाड, ही तिची आतापर्यंतची सर्वांत मोठी भूमिका.

शाळेत पाण्याच्या नळांच्या वर एक जुना फोटो होता. रोज सहाशे मुलं त्याच्याखाली पाणी प्यायची. फोटोखाली लिहिलं होतं, 'सुवर्णमहोत्सव, १९८३'. कादंबरीने पाणी पिता पिता त्र्याऐंशीतून पन्नास वजा केले आणि तिला ठसका लागला.

ती ऑफिसात शिपाई संपतमामांकडे गेली.

"मामा, शाळेचं पहिलं रजिस्टर बघू?"

"का गं? नाव काढून घेतेस का शाळेतून?"

बडबडत का होईना, मामांनी कपाटावरून रजिस्टर काढून झटकून दिलं. पहिल्या पानावर पहिलं नाव होतं नागोराव, प्रवेश १४ जून १९३३.

आमोद सरांनी तिचा निबंध दोनदा वाचला, पहिला नंबर दिला, "आता मुख्याध्यापिकांना दाखव" म्हणाले आणि आठवी ब कडे जवळजवळ धावतच गेले.

मुख्याध्यापिका श्यामला मॅडमनी चष्मा वर केला. "हे तेहेतीस काय आहे, बाळ?"

"शाळा सुरू झाली ते साल, मॅडम. म्हणजे शंभर वर्षं अजून सात वर्षांनी होतील."

"अध्यक्ष एक्याऐंशी वर्षांचे आहेत."

"हो, पण शाळा त्र्याण्णव वर्षांचीच आहे."

"हा गणिताचा तास आहे का? निमंत्रणं गेली, पेढ्यांची ऑर्डर गेली."

"पण रजिस्टरमध्ये…"

"शाळा सव्वीस साली संस्थापकांच्या मनात आली. मनातलं रजिस्टरमध्ये येत नसतं." मॅडमनी लाल पेनाने तेहेतीस खोडून सव्वीस केलं. "असं वाचणार असशील तर समारंभात तू. नाहीतर तेजस आहेच. त्याच्या शाळेत दिवेसुद्धा लागतात."

मॅडमनी निबंधाची दोन्ही पानं तपासली. तिसरं पान संदर्भांचं होतं. संदर्भ कोण वाचतं?

दुसऱ्या दिवशी नळांवरचा फोटो गायब. भिंतीवर तेवढाच चौकोन नवाकोरा दिसत होता.

"पॉलिशला गेलाय," संपतमामा म्हणाले.

"फोटोला पॉलिश करतात, मामा?"

"करतात म्हणे. समारंभ संपेपर्यंत."

समारंभाच्या दिवशी यज्ञेश्वररावांनी सव्वीस सालच्या शाळेच्या पहिल्या दिवसाचं इतकं हुबेहूब वर्णन केलं की त्यांचा स्वतःचा जन्म पंचेचाळीसचा आहे यावर कोणाचा विश्वास बसला नसता. मग कादंबरी माईकसमोर आली. निबंध तिने लाल पेनानुसार वाचला. 'एकोणीसशे सव्वीस' ऐकताच अध्यक्षांनी मान डोलावली, टाळ्या झाल्या. मॅडमनी पहिल्या रांगेतून हाताने खूण केली, उतर आता.

झाड असतं तर उतरलं असतं. कादंबरीने पान उलटलं.

"संदर्भ," ती माईकमध्ये म्हणाली. "एक. शाळेचं रजिस्टर, पान पहिलं, नाव पहिलं, चौदा जून एकोणीसशे तेहेतीस. दोन. सुवर्णमहोत्सवाचा फोटो, एकोणीसशे त्र्याऐंशी, नळांच्या वर. सध्या पॉलिशला. तीन. एकोणीसशे सव्वीस हे साल. तोंडी माहिती. सांगणार, श्यामला मॅडम, त्यांच्या केबिनमध्ये, मंगळवारी मधल्या सुट्टीत. लेखी पुरावा मिळाला नाही."

टाळ्या कोणी वाजवायच्या ते कोणाला कळेना. कादंबरीने कागद नीट घडी करून खिशात ठेवला, माईक आणखी जवळ ओढला आणि सर वर्गात विचारतात तसं विचारलं, "काही शंका?"