आबांच्या वेळचं पाणी

"ताई, अजून एकदा भर बाटली. मघाशी बादली तळाला लागली असेल," भाऊ म्हणाला.

तिने तिसऱ्यांदा विहिरीचं पाणी भरलं, नायट्रेटची पट्टी बुडवली आणि मिनिटभर थांबली. पट्टी पुन्हा तशीच गर्द गुलाबी. लिटरमागे पंचेचाळीस मिलिग्रॅमच्या आत हवं, पट्टी वाचणाऱ्या यंत्रावर बहात्तर.

पाणी तपासण्यात तिची नोकरी सरत आली होती. पण आजची विहीर माहेरची होती. गावातल्या आठ विहिरींची सरासरी कशीबशी काठावर आली होती. शेणामुतातलं नायट्रेट विहिरींत झिरपू नये म्हणून आणलेली सिमेंटच्या शेणखड्ड्यांची सरकारी योजना ठेवायची की गुंडाळायची, ते आता या नवव्या विहिरीवर ठरणार होतं.

योजना मनावर घेतली ती भावानेच. निम्म्या गाई विकल्या, सिमेंटचा खड्डा बांधला, घरोघर जाऊन लोकांना पटवलं. लोक 'शेणमंत्री' म्हणून चिडवायचे, पण ऐकायचे.

"पाच वर्षं गोठ्यातला थेंब जमिनीत जाऊ दिला नाही गं. मग हे येतं कुठून?"

"खाली झिरपायला वीस-वीस वर्षं लागतात रे. हे आबांच्या वेळचं आहे."

आबांना, दोघांच्या वडिलांना, जाऊन अकरा वर्षं झाली होती. भाऊ ओठांतल्या ओठांत हसला. "आणि मी राखलेलं?"

"तुझ्या नातीला मिळेल. खड्डे टिकले तर."

"मग लिही की तसं!"

"लिहिलं होतं. ऑफिसातले साहेब म्हणाले, योजना पाच वर्षांची, तर हिशेबही पाच वर्षांचाच. बाई, तुम्ही आकडा तेवढा भरा."

भाऊ आत गेला. असलं पाणी तान्ह्यांना बाधतं म्हणून नातीच्या दुधासाठी विकतच्या पाण्याचा कॅन ठेवला होता, त्यातलं तांब्याभर घेऊन आला. तिच्याकडे न बघता म्हणाला, "यातलं भर. कुणाला कळणार आहे?"

तिने बाटलीवरची चिठ्ठी त्याच्यापुढे धरली. विहीर क्रमांक नऊ, खाली आबांचं नाव, तिच्याच अक्षरात.

"देवाला कळेल, हे राहू दे," ती हळूच म्हणाली. "पण उद्या तुझी सून हा आकडा वाचून हेच पाणी पोरीला पाजेल, त्याचं काय?"

त्याने आत जाऊन तांब्यातलं पाणी सांडू न देता कॅनमध्ये परत ओतलं.

तिने रकान्यात बहात्तर लिहिलं. मान वर केली तेव्हा भाऊ गोठ्यात होता. सकाळचं शेण फावड्याने ओढत खड्ड्याकडे नेत होता, कडेला सांडलेलंसुद्धा खरवडून.