कुसुमचा होकार

कुसुमने कानामागचं यंत्र काढलं आणि समोरच्या ट्रेमध्ये, मोबाइलशेजारी ठेवून दिलं.

"अगो, ते काढू नकोस," पुरुषांच्या रांगेतून हरिहर ओरडले. पण यंत्र काढल्यावर नवऱ्याचं ओरडणं तिला कुठून ऐकू जाणार? पुढच्या बायका घड्याळं काढत होत्या, म्हणून देवळापाशी वहाणा काढाव्यात तसं तिने ते काढलं. ट्रे आत गेला.

बंगळूरला त्यांच्या लेकीचे, सावनीचे, दिवस भरत आले होते. हे विमान चुकलं तर दुसरं उद्याच. मांडवीहून पहाटे गाडीने निघून दोघं विमानतळावर पोचली, आणि अडली ती इथे. ऐकू यावं म्हणून ऑपरेशन करून डोक्यात बसवलेल्या चकतीमुळे तपासणीची चौकट वाजली. तिथल्या बाईने कुसुमला बाजूला घेऊन तिची बॅग पुढ्यात ओढली.

"किसी और का दिया हुआ सामान है?"

कुसुम हसली, मान हलवली. "हो."

"लाइटर? माचिस?"

"हो."

कुसुमवहिनींना ऐकू आलं नाही की त्या हसून हो म्हणतात, हे मांडवीत सगळ्यांना ठाऊक होतं. समोरच्याला पुन्हा बोलायला लावणं त्यांच्या जिवावर येई. ताप डोक्यात जाऊन कान गेल्यापासून ऑपरेशन होईपर्यंतची सगळी वर्षं तशीच गेली. या बाईला ते कोण सांगणार? तिने आणखी दोघींना बोलावलं. आंबोशी, कुळथाचं पीठ, बाळासाठी शिवलेली दुपटी, सगळं टेबलावर आलं.

हरिहर पुढे सरसावले, तर जवानाने हात आडवा केला. कमरेचा पट्टाही ट्रेमध्ये गेलेला. एका हाताने विजार धरून ते दुसऱ्या हाताने आपल्या कानाकडे खुणा करत राहिले. रडूच यायचं बाकी होतं.

शेवटी एकीला खूण कळली. यंत्र कानावर चढलं, तेच प्रश्न पुन्हा झाले, आणि धावतपळत दोघं विमानात जाऊन बसली.

हरिहरांच्या डोळ्यांपुढून मात्र ती हलणारी मान जाईना. केळशीची बाग त्यांच्या नावावर होती, पण कलमं लावलेली आणि वाढवलेली कुसुमने. ऑपरेशनसाठी ती विकताना त्यांनी विचारलं होतं, "विकू ना?" तेव्हा ती अशीच हसली होती. तिला विचारूनच विकली, असं ते लोकांना आजवर सांगत आले होते.

"कुसुम," ते म्हणाले, "बाग विकू का म्हणून विचारलं, ते तेव्हा तुला ऐकू आलं होतं?"

यंत्र कानावर होतं, त्याचा दिवा लागलेला होता. तिने त्यांच्याकडे पाहिलं. मग ती हसली आणि तिने मान हलवली.

"हो."